चुलतीच्या मापाची बंदूक

जवसाच्या तेलाचा वास आला की बारामतीतल्या बंदूक कारागिराचं दुकान आठवतं. बंदुकीच्या दस्त्याला, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या लाकडाला, तो तेच चोळायचा. स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. निरवांगीची माझी विधवा चुलती एकटीनं ऊस पिकवायची आणि रानडुकरं तो लोळवायची. तिनं स्वतःच्या नावावर बंदुकीचा परवाना काढला, तेव्हा वडिलांनी मला बजावून सोबत धाडलं, "नळी लांब घ्यायला लाव. बंदूक शेवटी आपल्याच घरात येणार हाय." कारागीर चुलतीला म्हणाला, "वीस बोअर घ्या. बारापेक्षा नळी बारीक, बाईमाणसाला धक्का कमी बसतो." ती म्हणाली, "मग डुकराला काय सांगू, बाई हाय, जरा बेतानं ये? बाराच बोअर करा." मी चाचरत म्हणालो, "काकी, नळी तरी तीस इंची घे. लांबवर मारती." "उसात हातभर पुढचं दिसत न्हाय, लांबवर काय मारू? सव्वीस करा." मग माझ्याकडं रोखून बघत ती कारागिराला म्हणाली, "आन दस्ता माझ्या हाताच्या मापानं कापा. ह्याच्या बापाच्या खांद्याला बसता कामा न्हाय." माझी मान खाली गेली. तिच्यामागं बंदूक माझ्याकडंच आली. परवा खांद्याला लावून पाहिली. बसली नाही, आणि मला फार बरं वाटलं.