डाव्या कुशीची माती

"आधी ते मोजे सरळ कर. मग काय रडायचं ते रड."

मावशीनं टबातून मान वर केली नाही. फुटबॉल क्लबचे कपडे धुण्यात तिची सव्वीस वर्षं गेली होती. दारातला माजी कॅप्टन निमूट कपड्यांच्या ढिगाजवळ बसला. तो खेळत होता तेव्हा एकदा मावशीचा हात मोडला होता. तेव्हा त्यानं अख्ख्या टीमला मोजे सरळ करूनच टाकायला लावले होते. मावशी ते विसरली नव्हती.

"कमिटीवाले मला म्हणतात, हेड कोच हो. संध्याकाळपर्यंत सांगायचंय."

"मग हो की!"

"एका ताटात जेवलेल्यांना बाहेर कसं बसवू गं? त्यापेक्षा परका माणूस बरा."

"जेवलेल्यांना की एकालाच?"

कॅप्टननं पुढचा मोजा उचलला. मावशीनं ढिगातून गोलकीपरची जर्सी ओढली. डावी कूस चिखलानं माखलेली, उजवी कोरी करकरीत.

"तीन महिने अशीच येतेय. गडी उजवीकडं झेपच घेत नाही. खांदा गेलाय त्याचा."

"ठाऊक आहे मला," तो पुटपुटला.

"ठाऊक आहे आणि गप्प बसलायस? वा रे दोस्त! परक्याला हे कळायला सहा महिने लागतील, आणि कळलं की हाकलूनच देईल त्याला."

कॅप्टन उठला, जर्सी घेऊन मैदानाकडं गेला. मावशीचे हात चालत होते, पण जीव थाऱ्यावर नव्हता. खिडकीतून दोघं बाकावर दिसत होते. गोलकीपर हातवारे करत होता, मग खाली मान घालून बसला. आपण पंधरा वर्षांची दोस्ती तोडली की काय?

बऱ्याच वेळानं दोघं दारात आले. गोलकीपरचे डोळे लाल होते.

"मावशी, चहाडी केलीस?"

"मी नाही, तुझ्या जर्सीनं केली."

तो हसला. "आधी याला शिव्या घातल्या. पण यानं सांगितलं ते बरं झालं. दुसऱ्या कुणाचं ऐकलं नसतं, खांदा निखळेपर्यंत खेळलो असतो. उद्या हाच डॉक्टरकडं नेतोय मला."

"आणि कमिटीला होकार कळवून आलो," कॅप्टन म्हणाला. "मावशी, तुझे उपकार..."

"माझ्या मोडक्या हाताचे फिटले समज. जर्सी दे इकडं. आणि मोजे अर्धेच झालेत, कोचसाहेब!"

दोघंही ढिगाजवळ बसले. मावशीनं जर्सी पाण्यात बुचकळली आणि डाव्या कुशीला साबण लावला.