दोन बंद दारं आणि रविवारचे बांगडे

मंडळी, आज सकाळी वाशीच्या मासळी बाजारात अचानक नायर आंटी समोर आल्या. मला बघताच त्यांनी पिशवी पाठीमागे लपवली. आणि मीही माझी!

ऐंशीच्या दशकात वाशीत आमची दारं समोरासमोर होती. नायर कुटुंब केरळचं, काकांच्या कपाळाला रोज भस्म. आईने परस्पर ठरवून टाकलं, मद्रासी म्हणजे शुद्ध शाकाहारी! त्यांना त्रास नको म्हणून रविवारी बांगडे तळताना आमचं दार बंद. जिन्यात वास आला की आईला टेन्शन, आपलाच असणार.

आज न राहवून विचारलं, "आंटी, तुम्ही मासे खाता?"

"पहिल्यापासून! तुमीच नाय खात ना? आमी नवीन राहायला आलो तेव्हा तुझी आई बोलली, घरात मासे चालत नाय."

अहो, तो श्रावण होता!

म्हणजे आमच्यासाठी त्यांनीही वर्षानुवर्षं दार लावूनच मासे तळले.

दोघी पोट धरून हसलो. आई आता नाही. आंटींनी माझा हात धरला. "तिच्या हातचा बांगडा राहूनच गेला गं."

सांगा ना, तुम्ही कुणासाठी असं मायेनं दार लावून घेतलंय?