पार्किंगमधली पंगत

मुंबईच्या सगळ्या उपनगरांत मिळून माझ्या साडूंइतकं स्वस्त जेवलेला माणूस सापडणार नाही आणि त्या स्वस्ताईपायी भोवतीच्या माणसांना इतका ताप दिलेलाही दुसरा सापडणार नाही. हे मी रागाने लिहितो आहे. राग वर्षभर जुना आहे आणि त्याला कारण आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला मुलुंड पूर्वेला, नोकरी अंधेरीच्या एमआयडीसीत, एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये. दारू नाही, तंबाखू नाही, कोणाशी भांडण नाही. मुलाच्या शिक्षणाला त्यांनी कधी हात आखडता घेतला नाही; तो आता बंगळुरूला नोकरी करतो. सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आठ रात्री हॉस्पिटलच्या बाकावर हेच झोपले, आम्ही मुलं-जावई आळीपाळीने डबे पोचवत राहिलो. असा हा भला माणूस. फक्त घराबाहेर पैसे देऊन खाण्याचा विषय निघाला की त्यांचा चेहरा खिसा कापला गेल्यासारखा होतो. "बाहेर खायचं म्हणजे दुसऱ्याच्या दुकानाचं भाडं आपण भरायचं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "वडा पंधरा मिनिटांत पोटातून जातो, एसीचं बिल मात्र आपल्या डोक्यावर."

या तत्त्वासाठी त्यांनी जी बुद्धी खर्च केली आहे ती एखाद्या उपयोगी कामाला लागली असती तर देशाचं भलं झालं असतं. सिनेमाला ते हेल्मेट घेऊन जातात. मोटरसायकल त्यांच्याकडे नाही. ती विकून सहा वर्षं झाली. पण हेल्मेट हातात असलेल्या माणसाची पिशवी तपासतात, हेल्मेट तपासत नाहीत, असा त्यांचा शोध आहे. एकदा मध्यंतरात त्यांनी त्यातून सहा उकडलेली अंडी काढली आणि मिठाची पुडी फिरवली. बंद थिएटरात उकडलेल्या अंड्यांचा वास काय करतो हे त्या दिवशी पुढच्या तीन रांगांना कळलं. घाटकोपरच्या मॉलमध्ये जाताना त्यांच्या खिशात कॉफीचा एक कागदी पेला असतो. तो कधीतरी कोणीतरी पाजलेल्या कॉफीचा. घरी धुऊन, वाळवून ठेवलेला. फूडकोर्टच्या टेबलावर तो पेला पुढे ठेवायचा, म्हणजे गिऱ्हाईक असल्याचा पुरावा झाला, आणि त्याच्या आडून डब्यातला शिरा खायचा. पाण्याची बाटली त्यांनी आयुष्यात विकत घेतलेली नाही. मुलुंड ते घाटकोपर कोणत्या बँकेतला कूलर खरोखर थंड पाणी देतो आणि कोणता नुसता घरघरतो, हे ते तोंडपाठ सांगतात. माझी मुलगी बारा वर्षांची आहे. तिला हे सगळं फार आवडतं. "काका म्हणजे जासूस आहेत," ती म्हणते. मीही इतकी वर्षं हसत होतो. हसणं सोपं होतं, कारण तो शिरा कोण करतं, अंडी कोण उकडतं आणि पेला कोण धुतं, याचा विचार मी केला नव्हता.

ते सगळं ताई करते. ताई म्हणजे माझी मेहुणी. आम्ही सगळे तिला ताईच म्हणतो. गेल्या वर्षी तिला पन्नासावं लागलं. मुलाने बंगळुरूहून थीम पार्कची सात तिकिटं पाठवली, एक स्वतःसाठी, पण ऐन वेळी त्याला रजा मिळाली नाही. म्हणून आम्ही तिघं, साडू, ताई आणि सासूबाई असे निघणार होतो. पार्क शहराबाहेर, गाडीने दोन तासांवर. बेत ठरला त्या रविवारी आमच्या बोरिवलीच्या घरी ताई सगळ्यांदेखत म्हणाली, "त्या दिवशी मी ओट्याला हात लावणार नाही. मला कोणीतरी बसवून गरम वाढा. बस, एवढंच. दुसरं काही नको." साडू लगेच म्हणाले, "अगं, तू काहीच करायचं नाहीस. माझा शब्द." हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

आठ दिवसांनी साडूंचा कुटुंबाच्या ग्रुपवर संदेश आला. त्यात खाण्याचा आराखडा होता. नाश्ता, अकराचं, दुपारचं जेवण, चारचं, परतीचं, अशा पाच वेळा. पार्कमधल्या भावांबद्दल एक संतप्त परिच्छेद होता. खाली वाटणी होती: थालीपिठं, दही, लोणचं, लाडू, चिवडा, आणि प्रत्येक पदार्थापुढे माझ्या बायकोचं नाव. ताईच्या नावापुढे त्यांनी लिहिलं होतं, "आराम." शब्द पाळायची त्यांची ही तऱ्हा. माझ्या बायकोने तो संदेश मला दाखवला आणि म्हणाली, "भावोजींना फोन करू का दोन शब्द सांगायला?" मी म्हटलं, "जाऊ दे, एक दिवसाचा प्रश्न आहे." माझी पहिली चूक ती. धाकटी बहीण नोकरी करून एकटी राबणार हे ताईला सहन होणं शक्य नव्हतं. तिने परस्पर फोन करून सांगितलं, "गो, तू फक्त लाडू आण. बाकीचा मी बघतंय." मालवणी तिच्या तोंडात फक्त बहिणीशी आणि आईशी बोलताना येते. सकाळी साडेसहाला आमची गाडी मुलुंडला पोचली तेव्हा ती बावन्न थालीपिठं बांधून, डोळे लाल करून दारात उभी होती. साडू म्हणाले, "मी तिला सांगत होतो, करू नकोस म्हणून." मग त्यांनी पिशव्या मोजून गाडीत ठेवल्या.

पार्कच्या गेटवर बाहेरचं खाणं आत न्यायला मनाई होती. तशी पाटी होती, तिकिटावर छापलंही होतं. साडूंनी त्यासाठी सासूबाईंना तयार करून आणलं होतं. त्यांना मधुमेह आहे आणि आजारी माणसाचं खाणं आत सोडतात. पिशव्या तपासणाऱ्या मुलीने पहिला डबा उघडला, दुसरा उघडला, आणि तिसऱ्यापाशी थांबली.

"काका, हे सगळं आजी एकट्या खाणार?"

"पेशंट आहेत. दर दोन तासांनी खावं लागतं. शुगर आहे."

"आणि हे लाडू?"

"शुगर कमी झाली तर."

मागच्या रांगेत हशा पिकला. सासूबाईंनी काठी टेकत जाहीर केलं, "मला सकाळपासून कोणी विचारलंसुद्धा नाही भूक आहे का म्हणून." त्या मुलीने एक छोटा डबा आजींसाठी आत सोडला आणि बाकीचं गाडीत ठेवायला सांगितलं. दुसरा कोणी असता तर तिथे हरला असता. साडूंचा चेहरा मात्र खुलला. हातावर शिक्का मारून घेतला की बाहेर जाऊन परत येता येतं, हे त्यांनी आधीच तीनदा फोन करून विचारून ठेवलं होतं.

बारा वाजून वीस मिनिटांनी त्यांनी आम्हाला बाहेर काढलं. माझी मुलगी दीड तास उभी राहून मोठ्या पाळण्याच्या रांगेत पुढून चौथी झाली होती. तिला रांगेतून ओढून आणलं. गेटपासून पार्किंग चांगलं पाऊण किलोमीटर. ऊन रणरणतं, सावली नाही, खुब्यात सळई घातलेल्या सासूबाई दर पन्नास पावलांवर थांबत होत्या. "आत आता जेवायला ही गर्दी असेल," साडू वाटेत समजावत होते, "इथे बघ, कशी मोकळी हवा." वाटेत एका ठिकाणी ताई थांबली. तिथे काचेतून आतलं रेस्टॉरंट दिसत होतं, गारव्यात टेबलांवर बसून माणसं जेवत होती. तिने एकदा तिकडे पाहिलं आणि चालायला लागली. मी ते पाहिलं आणि गप्प बसलो. ही दुसरी चूक.

पार्किंगमध्ये साडूंनी दोन गाड्यांच्या मध्ये चटई अंथरली, वर चादर बांधून सावली केली आणि सगळ्यांना बसवलं. गाडीची डिकी उघडून ताई वाढायला लागली. थालीपीठ, दही, लोणचं, कांदा. वाकायचं, वाढायचं, परत वळायचं. मग साडूंमधला दुसरा माणूस जागा झाला, तोही सांगितला पाहिजे. विकत घ्यायच्या बाबतीत जितका हात आखडलेला, तितकाच घरचं वाटायच्या बाबतीत सैल. त्यांनी आमच्या ड्रायव्हरला बसवलं. पार्किंगच्या दोन वॉचमनना हाका मारून बसवलं. शेजारच्या गाडीतलं एक अनोळखी जोडपं नुसतं बघत होतं, त्यांनाही "अहो, या ना, आमच्या हिच्या हातचं खाऊन बघा" म्हणून चार-चार वाढायला लावलं. वॉचमन "बास काका, बास" म्हणत होते आणि साडू "लाजू नका रे, भरपूर आहे" म्हणत होते. पंगत झकास रंगली. मी स्वतः चार थालीपिठं खाल्ली, आणि तीही मागून घेऊन.

एक वाजता डबे झाकताना माझ्या बायकोने विचारलं, "ताई, तू कधी बसतेस?"

ताई म्हणाली, "मला भूक नाही."

बायकोने तिच्या हातातला डबा ओढून उघडला. रिकामा होता. दुसऱ्यात लोणच्याचा खार होता. मग मात्र मी बोललो, आणि मोठ्याने बोललो. "बावन्न थालीपिठं केली तिने. वाढदिवस तिचा. पार्किंगमधल्या सगळ्यांना जेवायला घातलंत, ती जेवली की नाही हे तुम्ही पाहिलं का? कसली बचत ही? पैसे तुमचे वाचतात आणि हात तिचे झिजतात." दोघे वॉचमन उठून दूर गेले. मी चार खाल्ली होती, हे मला बोलताना आठवत होतं, त्यामुळे आवाज आणखी चढला.

साडू गोंधळून ताईकडे बघायला लागले. "अगं, मग बोलायचं ना!"

"वाढणारीने बोलायचं?" ताई म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. "काय मागितलं होतं मी? साडी मागितली? अंगठी मागितली?"

"पण तुझ्या हातच्यासारखं तिथे..."

"माझ्या हातचं मला नको होतं हो. आजचा एक दिवस."

तिने ओढणीला हात पुसले, चपला घातल्या आणि एकटीच गेटच्या दिशेने चालायला लागली. आम्ही कोणी हललो नाही. साडूंच्या हातात डब्याचं झाकण होतं. ते मला म्हणाले, "एकटी गेली रे ती."

"मग जा ना मागे!" मी ओरडलो.

ते गेले. पंचावन्न वर्षांचा माणूस त्या उन्हात अर्धवट पळत गेला.

आम्ही आवराआवर करून, सासूबाईंना सांभाळत गेटवर पोचलो तेव्हा दोन वाजायला आले होते. रेस्टॉरंट स्वयंसेवेचं होतं. पैसे भरायचे, टोकन घ्यायचं, नंबर पुकारला की ताट स्वतः उचलून आणायचं. वाढायला तिथे कोणीच नव्हतं. ताई खिडकीजवळच्या टेबलाशी खुर्चीला पाठ टेकून बसली होती. समोर मसाला डोसा, वाफ निघत असलेला. साडू टेबल आणि काउंटर यांच्यामध्ये फेऱ्या घालत होते. पाणी आणलं. चमचा आणला. चटणी आणली. सांबाराची वाटी दोन्ही हातांत धरून, कडेने सांडू न देता आणली, रिकामी झाल्यावर परत भरून आणली. आम्हाला पाहिल्यावर त्यांनी हळूच सांगितलं, "सांबार पुन्हा मागितलं तर देतात. विचारलं मी." काउंटरवरचा माणूस तिसऱ्या खेपेला त्यांच्याकडे टक लावून बघत होता. त्यांचं लक्ष नव्हतं.

"तुम्ही बसा आता," ताई म्हणाली.

"तू जेव. गरम आहे तोवर खा."

"पुरे मला."

"अजून थोडं सांबार? ताजं आहे."

"पुरे म्हटलं ना," ती म्हणाली. इतक्या वर्षांत आम्ही तिच्या तोंडून फक्त "अजून घ्या" ऐकलं होतं.

तिने अर्ध्याहून थोडा जास्त डोसा खाल्ला आणि हात ओढून घेतला. सकाळपासून उपाशी पोटाला एकदम जात नसावं. साडू मग समोरच्या खुर्चीवर बसले. त्यांनी ताट आपल्याकडे वळवलं आणि तिने मोडून ठेवलेल्या डोशाचा तुकडा खाल्ला, मग दुसरा. सासूबाईंच्या पिढीपर्यंत आमच्याकडे बायको नवऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवत असे. त्या स्वतः तशा जेवल्या आहेत. उलट झालेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. त्या काठीवर दोन्ही हात ठेवून बघत राहिल्या.

माझी मुलगी म्हणाली, "काका, ते मावशीचं उष्टं आहे." बायकोने तिचा हात दाबला.

"टाकायचं कशाला," साडू पुटपुटले. मान वर न करता ते खात राहिले. ताटात चिकटलेली बटाट्याची भाजीसुद्धा त्यांनी बोटाने निपटून घेतली. घातलेले पैसे वसूल करत होते की आणखी काही, ते त्यांनाच ठाऊक. मी विचारलं नाही. ताईने उरलेल्या चटणीची वाटी त्यांच्या बाजूला सरकवली आणि खिडकीबाहेर बघत बसून राहिली, उठायची काहीच घाई नसल्यासारखी.