सहा बाटल्या आणि मिश्रीचे दोन डबे

आमच्या लाँड्री रूममध्ये वॉशिंग मशीनच्या वर एक कपाट आहे. त्यात डिटर्जंट, जुने टॉवेल आणि टॉवेलांच्या मागे माझ्या पंचवीस-तीस छोट्या बाटल्या. मी व्हेप, म्हणजे ई-सिगरेट, ओढते, आणि त्यात भरायचं लिक्विड घरीच बनवते. हे वाक्य इतकं सरळ मी पहिल्यांदाच लिहितेय. आजवर विचारणाऱ्यांना मी ‘अरोमाथेरपी’ असं सांगत आले, आणि आमच्या अमेरिकेतल्या डब्लिनच्या मराठी मंडळींत ते खपूनही गेलं, कारण तिथल्या अर्ध्या बायका कसली ना कसली तेलं विकतच असतात.

कृती अवघड नाही. ग्लिसरीन, ते पातळ करायला प्रॉपिलीन ग्लायकॉल, चवीचा अर्क आणि निकोटीन. छोट्या डिजिटल काट्यावर थेंब थेंब मोजायचं, हलवायचं आणि अंधारात मुरत ठेवायचं. स्ट्रॉबेरी चार दिवसांत तयार होते. व्हॅनिला कस्टर्डला महिना लागतो. त्याआधी ओढलं तर कुणी तोंडात सेंट मारल्यासारखं वाटतं. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी लागलेली सिगरेट मी याच्या जोरावर सोडली, आणि मग हे सोडायचं तेवढं सात वर्षं राहून गेलं.

आई सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून आली आणि तिसऱ्याच दिवशी तिने ते कपाट उघडलं.

“हे काय घातलंयस?” तिने लोणच्याबद्दल विचारावं तसं विचारलं.

“तेलं आहेत, आई. वासाची.”

तिने एक थेंब बोटावर घेऊन चोळला. “हे ग्लिसरीन आहे. थंडीत तुझ्या ओठांना मीच लावायचे. मला नको शिकवूस.” मग बाटली खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली. “आणि हे मुरलेलं नाही अजून. रंग बघ की.”

तिचं बरोबर होतं. कस्टर्ड मुरलं की चहासारखं तांबूस होतं, आणि ती बाटली अजून पाण्यासारखी होती. चाळीस वर्षं लोणची घालणाऱ्या बाईसमोर खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. मी सगळं सांगून टाकलं. ती ओरडेल म्हणून मी तयारीत होते, पण ती ओरडली नाही. कारण तिच्या बॅगेत मेतकुटाच्या पुड्यांच्या मधोमध मिश्रीचे दोन डबे होते, आणि ते मी आदल्याच दिवशी पाहिले होते.

मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेल्या तंबाखूची पूड. बोटावर घ्यायची आणि हिरड्यांना चोळायची. आमच्याकडच्या बायका तिला व्यसन म्हणत नाहीत, दात घासणं म्हणतात. माझी आई दिवसातून पाच वेळा दात घासते.

पुढचे दोन महिने फार सुखाचे गेले. दुपारच्या मीटिंगा संपल्या की मी मागच्या डेकवर जायची. आई आधीच तिथे उन्हात, तोंडात बोट घालून बसलेली. एक खुर्ची सोडून मी बसायची आणि वाफ सोडायची. ती अधूनमधून रेलिंगवरून माझ्या गवतावर थुंकायची. शेजारचा गोरा म्हातारा तिला हात करायचा, तीही मिश्रीचाच हात हलवायची. मी आमरसाच्या चवीची एक बाटली बनवली होती, तिचा वास घेऊन आई म्हणाली, “हे खोकल्याचं औषध आहे.” मी ती सिंकमध्ये ओतली. लग्नानंतर इतकं निवांत आम्ही दोघी कधी बसलोच नव्हतो, आणि त्याचं श्रेय तंबाखूला द्यावं लागतंय याची मला तेव्हा अजिबात लाज वाटत नव्हती.

मग आईची एक दाढ दुखायला लागली. डेंटिस्ट माझ्या मुलीपेक्षा जेमतेम दहा वर्षांनी मोठी वाटावी अशी पोरगी होती. तिने दाढ पाहिली, आणि मग दाढ सोडून खालचा ओठ ओढून बराच वेळ आत बघत राहिली. ओठाच्या आतल्या बाजूला, हिरडीला लागून, पांढरा चट्टा होता. तिने मला विचारलं, या टोबॅको खातात का?

“छे!” आई म्हणाली. “मी तंबाखू खात नाही. मी दात घासते.”

मी खरं ते सांगितलं. डॉक्टरने हातमोजे काढले आणि हळू आवाजात समजावलं. तंबाखू आजपासून बंद. सहा आठवड्यांनी परत बघू. चट्टा गेला तर ठीक, नाहीतर तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल. कॅन्सर हा शब्द तिने एकदाच उच्चारला, पण तो मराठीत करून सांगायची गरज पडली नाही.

घरी येताना गाडीत मी म्हटलं, “आई, डबे फेकून देऊ.”

“तू सोड, मग मी सोडते.”

“मला चट्टा नाहीये.”

“येईल. घाई काय आहे.”

तेव्हा आमचा करार झाला. ‘आजपासून बंद’ याचा अर्थ आम्ही दोघींनी मिळून ‘हळूहळू बंद’ असा लावला. एकमेकींचा माल एकमेकींच्या ताब्यात द्यायचा. मी तिच्या मिश्रीत बदामाच्या टरफलांची राखुंडी मिसळायची. पहिल्या आठवड्यात निम्मी, मग आणखी जास्त, चौथ्या आठवड्यापासून नुसतीच राखुंडी. दोन्ही काळ्याकुट्ट, दिसायला सारख्याच. आणि माझं निकोटीन आईने ताब्यात घ्यायचं. सहा आठवड्यांच्या सहा बाटल्या ती बनवणार, प्रत्येकीत आधीच्यापेक्षा कमी, सहावीत शून्य. कशात किती, ते मला सांगायचं नाही.

मी तिला काटा शिकवला. एका रविवारी ती केस रंगवायच्या पाकिटातले हातमोजे चढवून, चष्मा लावून डायनिंग टेबलाशी बसली आणि मला पाठ फिरवून बसायला लावलं. फळाची चव लवकर मुरते म्हणून पहिल्या चार स्ट्रॉबेरीच्या, शेवटच्या दोन कस्टर्डच्या. तिने मराठी आकडे लिहून पट्ट्या चिकटवल्या आणि त्या सहा बाटल्या, कपाटातल्या जुन्या बाटल्या आणि निकोटीनसकट, आपल्या सुटकेसमध्ये ठेवून कुलूप लावलं. किल्ली मंगळसूत्रात अडकवली.

मी त्याच दिवशी बदामाची टरफलं जाळली. सात वर्षं ज्या घरात मी धुराचा एक कण होऊ दिला नव्हता, तिथले चारही स्मोक अलार्म एकदम केकाटले. मुलगी वरून धावत आली. स्टोव्हवर काळा कोळसा, टेबलावर काटा, हातमोजे, बाटल्यांची झाकणं.

“ओ माय गॉड, मॉम. आर यू गाइज मेकिंग ड्रग्ज?”

“आजीचं दंतमंजन आहे,” मी म्हटलं. तिने खिडक्या उघडल्या आणि पुढचा आठवडाभर मैत्रिणींना घरी आणलं नाही.

पहिला आठवडा भयंकर गेला. माझं डोकं ठणकायचं, ऑफिसच्या कॉलवर मी टेक्सासमधल्या एका भल्या माणसाला ‘यार, तुला वाचता येतं का?’ असं विचारून बसले. एक नंबरची बाटली संपेपर्यंत मी आईला दहा वेळा म्हटलं असेल की थोडं वाढव. पाचव्या दिवशी तर मी अक्षरशः तिच्या पाया पडले. ती म्हणाली, “बरं, बघते.” खोलीत गेली, बाटली हलवत बाहेर आली, माझ्या हातात दिली. मी दोन झुरके मारले आणि माझं डोकं ताळ्यावर आलं. आईचं प्रेम म्हणतात ते हेच, असं मला मनापासून वाटलं.

आईची अडचण वेगळी होती. मिश्री लावल्याशिवाय तिचं पोट साफ होत नाही. तीस वर्षांची सवय. राखुंडी निम्मी झाली आणि तिचा सकाळचा सगळा कार्यक्रमच थांबला. तीन दिवस. इसबगोल झालं, गरम पाणी झालं, आलुबुखार झाले. चौथ्या दिवशी सकाळी मी बाथरूमच्या दाराबाहेर उभी होते आणि आतून तिचा आवाज येत होता. ती एकेका देवाचं नाव घेत होती. कुलदैवत झालं, ग्रामदैवत झालं, मग आजोबांच्या गुरूंपर्यंत पोचली. बाहेर आली तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. मला म्हणाली, “जाऊ दे गं. होईल सवय.”

मला ते बघवलं नाही. तिला मी परदेशात आणलं, तिच्या हातातली एकुलती एक चैन काढून घेतली, आणि आता ती माझ्या गुळगुळीत अमेरिकन बाथरूममध्ये रडत होती. मी लाँड्री रूममध्ये जाऊन तिच्या डबीतली राखुंडी ओतून दिली आणि पूर्ण मिश्री भरली. वास लपवायला थोडी लवंगेची पूड घातली. थोडेच दिवस, मी मनाशी म्हटलं. जरा स्थिरस्थावर झाली की कमी करू.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती हसत बाहेर आली. “बघ! झाली सवय.”

त्या हसण्यासाठी मी पुढच्या आठवड्यातही तेच केलं. आणि त्याच्या पुढच्याही. चौथ्या आठवड्यापासून ती सगळ्यांना फोन करून सांगायला लागली, की मिश्री सुटली, नुसत्या राखुंडीवर आहे. साताऱ्याच्या काकूंना तर तिने राखुंडीची कृतीही दिली. मी शेजारी बसून ऐकायची आणि व्हेप ओढायची. तिला कळत कसं नाही याचं मला नवल वाटायचं, पण माणसाला जे हवं असतं ते पटायला फार पुरावा लागत नाही.

सहा आठवड्यांनी आम्ही पुन्हा त्या खुर्चीपाशी होतो. डॉक्टरने ओठ ओढला, दिवा जवळ आणला, मागच्या वेळी काढलेल्या फोटोशी ताडून पाहिलं. चट्टा तसाच होता. एका कडेला कदाचित थोडा वाढलाही होता. तिने मला विचारलं, टोबॅको खरंच बंद आहे ना? मी ते मराठीत विचारलं.

आई ताठ बसली. “सांग तिला, तीन आठवडे झाले. एक चिमूट नाही. पोट दुखलं, डोकं दुखलं, पण नाही म्हणजे नाही.” शाळेत कधी बक्षीस न मिळालेल्या बाईला आज पहिलं मिळावं, तसा तो चेहरा होता. “सांग की.”

ते भाषांतर माझ्याच्याने होईना. मी डॉक्टरला इंग्रजीत म्हटलं, तिला वाटतंय तिने सोडलंय. मी तिला रोज देत होते. मग मी आईकडे वळून तेच मराठीत सांगितलं. इंग्रजीत ती चूक वाटत होती. मराठीत ती मी माझ्या आईच्या बाबतीत केलेली गोष्ट झाली.

डॉक्टर म्हणाली, मग वाट बघण्यात अर्थ नाही, तुकडा आजच काढू. अर्ध्या तासाने आई ओठाखाली कापूस घेऊन बाहेर आली. तिला बोलता येत नव्हतं, म्हणून गाडीत ती का बोलत नाही हे मला ओळखता येईना. कापूस संध्याकाळी निघाला, तरी ती बोलली नाही. तिने दोन्ही डबे स्वतः कचऱ्याच्या पिशवीत टाकले आणि पिशवी बाहेर ठेवून आली. नंतरचे आठ दिवस ती स्वयंपाक करायची, नातीशी हसायची, माझ्याशी ‘मीठ दे’ इतकंच. मला झोप नव्हती. दर वेळी फोन वाजला की डॉक्टरचा नंबर आहे का ते मी आधी बघायची. तिला काही झालं तर ते माझ्या मायेने झालं असणार होतं, आणि हे मला कुणालाही सांगता येणार नव्हतं.

नवव्या दिवशी सकाळी रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. पेशी बिघडायच्या वाटेवर होत्या, आता एक चिमूटही चालणार नव्हती, पण कॅन्सर नव्हता. आई किचनमध्ये घेवड्याच्या शेंगा निवडत होती. मी तिला सांगितलं आणि तिथेच फरशीवर बसून रडायला लागले. माफी मागितली. म्हटलं, “मला तुझा त्रास बघवला नाही गं.”

तिने शेंगा बाजूला ठेवल्या.

“तुझ्या बाटल्यांत मी काही घातलं नव्हतं,” ती म्हणाली. “सहाच्या सहा. निकोटीनचं बूचही उघडलं नाही मी.”

“पण पाचव्या दिवशी तू वाढवून दिलंस! मी ओढलं, मला लगेच बरं वाटलं.”

“नुसती हलवून दिली.”

दोन महिने होत आले होते आणि मी गोड वाफ ओढत होते.

“तू पाया पडलीस ना, तेव्हा मी खोलीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले,” ती म्हणाली. “मला का बघवत होतं? पण घातलं नाही.” मग तिने पुन्हा शेंग उचलली आणि तिची शीर ओढून काढली. “बरं झालं, तू माझी आई नव्हतीस.”