दादांची सकाळची गोळी

मी डॉक्टर नाही, औषधाच्या दुकानात बसलेलाही नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. अशा माणसानं ब्लडप्रेशरच्या गोळ्यांवर लिहावं हा आगाऊपणाच आहे, वाचणाऱ्यांनी माफ करावं. पण दोन वर्षांपूर्वी घरात जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं, आणि त्यातलं जे मला नक्की कळलं ते सांगताना मी कचरणार नाही.

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. साखरा गावात आमची कोरडवाहू शेती आहे, पण लोक दादांना ओळखतात ते बैलांच्या दवापाण्यासाठी. कुणाच्या बैलाचं पोट फुगलं, कुणाचा बैल बसला, की दादांना बोलावणं येतं. शेपटीच्या मुळाशी खालून बोटं लावून ते नाडी बघतात. त्यांचा एक नियम होता. जनावर उठून वैरण खाऊ लागलं की दवा बंद. हाच नियम त्यांनी स्वतःला लावला.

त्या पावसाळ्यात बांध चढताना त्यांच्या छातीत आवळायला लागलं होतं. हिंगोलीच्या डॉक्टरांनी तपासलं. ब्लडप्रेशर वाढलेलं, आणि हृदयाला रक्त कमी पडतंय, असं निघालं. दम्याचा त्रास नाही ना, हे दोनदा विचारून त्यांनी गोळी दिली. रोज सकाळी एक. बीटा ब्लॉकर म्हणतात त्या जातीची, हृदयाचा वेग कमी करणारी. पहिले काही दिवस दादांचे हात गार पडायचे, थकवा यायचा. मग ते सरलं. छातीचं आवळणं थांबलं. दोन महिन्यांनी शेजारच्या गोरेगावला कुणीतरी प्रेशर मोजून "एकदम बराबर" म्हणालं, आणि दादांनी गोळ्यांचं पाकीट घरी येऊन भिंतीतल्या देवळीत ठेवून दिलं. जनावर उठलं होतं.

मी तेव्हा पहिल्या वर्षाला. दिवाळीच्या सुट्टीत आलो तेव्हा गोळी बंद होऊन चार दिवस झाले होते, आणि मला कुणी ते सांगितलंही नाही. पाचव्या दिवशी आम्ही कापसाचं गाठोडं गाडीत चढवत होतो. दादांनी मध्येच हात सोडला आणि चाकाला टेकून खाली बसले. अंगाला दरदरून घाम.

"काय झालं, दादा?"

"काई न्हाई. छातीत कोणी नांगर धरून राहिलं."

मी रस्त्याकडं पळालो. गोरेगावकडून येणारी जीप भरलेली होती, तरी ड्रायव्हरनं तिघांना खाली उतरवून दादांना पुढं बसवलं. हिंगोलीला डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली. झटका नव्हता, पण नाडी एकशे वीसच्या वर आणि प्रेशर पहिल्यापेक्षा जास्त.

"गोळी कधी बंद केली?"

"बंद न्हाई केली साहेब. बरा झालो म्हणून ठेवून दिली."

"बरे झालात ते गोळीमुळं. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मनानं सोडायची नाही. हिनं हृदयाचा वेग धरून ठेवलेला असतो. एकदम सोडलं की ते जास्तच उधळतं."

दादा पडल्या पडल्या विचार करत होते. म्हणाले, "म्हंजे उतारावर भरल्या गाडीच्या बैलाची वेसण एकदम सोडल्यावानी."

"तसंच समजा. थांबवायची झालीच तर मी हळूहळू कमी करीन. तुम्ही नाही."

दोन दिवस ठेवून घेऊन त्यांनी गोळी पुन्हा सुरू केली. निघताना मी वहीच्या मागच्या पानावर सगळं लिहून घेतलं. नाडी पन्नासच्या खाली गेली, चक्कर आली किंवा दम लागला तर लगेच यायचं. दुसऱ्या डॉक्टरकडं गेलो तरी ही गोळी चालू आहे हे आधी सांगायचं. आपली गोळी दुसऱ्याला द्यायची नाही, दम्याच्या माणसाला तर ती घातक ठरू शकते. आणि पाकीट संपायच्या आठवडाभर आधीच नवं आणायचं.

घरी आल्यावर मी दादांना मनगटावरची नाडी मोजायला शिकवलं. सकाळी, उठून बसल्यावर, शांतपणे, पूर्ण एक मिनिट.

"बैलाची लवकर सापडते," दादा बोटं चाचपत म्हणाले.

माय चुलीजवळून म्हणाली, "मंग तुमालाबी एक शेपूट आनून दे म्हना पोराला कॉलेजातून."

नाडी सापडली. माझं सेकंदकाट्याचं घड्याळ मी त्यांच्याजवळ ठेवलं.

शहाणपण सगळं माझ्याकडंच होतं असं नाही. एकदा गोळी चुकली. दादा पहाटेच कुणाचा बैल बघायला गेले आणि आले ते दिवेलागणीला. मी म्हणालो, "उद्या सकाळी दोन घ्या, भरून निघंल."

मायनं विचारलं, "डॉक्टरनं सांगितलं का तसं?"

मी तसाच बाहेर पडलो. गावातल्या फोनवरून विचारलं. डॉक्टर म्हणाले, आठवण आली तेव्हा घ्यायची, पण पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यायची. दोन एकदम कधीच नाही. चुकलेली दादांनी तेव्हाच घेतली, आणि सकाळी नेहमीची एकच.

सुट्टी संपली आणि मी हिंगोलीला कॉलेजात परत आलो. भीती एकच होती. मायच्या समोर दादा गोळी घेतील, पण पुन्हा कधी काही त्रास झाला तर मनानं ठरवून मोकळे होतील. माणूस चाळीस वर्षं आपल्या अंदाजावर जगलेला. मी दर शनिवारी स्टँडवर जाऊन त्या जीपवाल्याला दादांचं विचारायचो. मग परीक्षा आल्या आणि तीन आठवडे जाणं झालं नाही. शेवटचा पेपर देऊन तसाच स्टँडवर गेलो.

"कुठं होता रे?" जीपवाला म्हणाला. "तुझे दादा गेल्या मंगळवारी माझ्याच गाडीत आलते."

मी विचारलं, "काहून?"

"चक्कर येऊन राहिली होती. नाडी मोजली म्हने, सेहेचाळीस. मी म्हनलं, मामा, त्या गोळीचंच असंल, फेकून द्या. तर माझ्यावरच डाफरले. म्हने, ठेवायची का सोडायची ते डॉक्टर ठरवंल, तू गाडी हाक."

"मग?"

"मंग काय? डॉक्टरनं पट्टी काढली, गोळी अर्ध्यावर आनली. सांजच्या खेपेला घरी सोडलं मी. काल भेटले, नाडी साठच्या जवळ हाये, चक्कर न्हाई. तुला एवढं बराबर सांग म्हनले."