समुद्रापुरता चुना

जगातल्या प्रत्येक गोष्टीला कधी ना कधी शेवट असतो, फक्त माझ्या थोरल्या साडूंच्या रंग निवडण्याला नसतो, असं माझं ठाम मत होतं. लकडगंजात त्यांचा फायबरच्या टाक्या आणि कूलरचे टब बनवण्याचा कारखाना. त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आमची ताई. तिनं जन्मात समुद्र पाहिला नव्हता. खाप्याचं माहेर आणि नागपूरचं सासर, एवढाच तिचा प्रवास. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा ती म्हणाली, "आता नाही तं कधीच नाही." साडूंचा हॉटेलातल्या अन्नावर आणि लॉजच्या गाद्यांवर काडीचा विश्वास नव्हता. म्हणून त्यांनी टाक्यांच्याच विद्येनं चाकांवर फायबरची एक खोली उभी केली. आत दोन बाक, स्टोव्ह, खिडक्यांना पडदे. जुन्या जीपला जोडली की घरच निघालं रत्नागिरीला. फक्त बाहेरून रंग द्यायचा राहिला होता, आणि तो दोन उन्हाळे राहिला.

साडूंचं म्हणणं, नागपूरच्या उन्हात रंग चुकला तर आत बसलेल्या माणसाचं भरीत होईल. म्हणून प्रत्येक नमुन्याचा एक चौकोन ते गाडीच्या अंगावर लावून पाहत. भर दुपारी डोक्याला दुपट्टा गुंडाळून चौकोनांवर तळहात ठेवत आणि मला जेवणावरून उठवून बाहेर नेत. "सांगा बरं साडूभाऊ, हा मोतिया जास्त गरम लागते का तो बदामी?" मला दोन्ही तव्यासारखेच लागत. एकदा तर त्यांनी निरनिराळे रंग दिलेल्या डब्यांत डालडा भरून अंगणात ठेवला. ज्या रंगात तो उशिरा वितळेल, तो रंग पक्का. नागपूरच्या उन्हानं कोणत्याच रंगाची भीड ठेवली नाही, आणि आम्ही सगळ्यांनी आठवडाभर पुऱ्या खाल्ल्या. गाडीची पार गोधडी झाली.

"गाडीले रंग पाहून राहिले का पोरीले नवरदेव?" ताई विचारी.

"थांब नं वं," साडू म्हणत.

गुडघे मात्र थांबायला तयार नव्हते. तिसऱ्या उन्हाळ्यात, साडू आणखी एक नमुना आणायला गेलेले असताना, ताईनं बादलीभर चुना कालवला. आमच्याकडे ऊन तापलं की गच्चीवर चुना मारतात, खाली खोल्या थंड राहतात. तोच तिनं स्टुलावर चढून, कण्हत कण्हत, गाडीला मारला. साडू परतले तेव्हा गाडी पांढरीशुभ्र, आणि ताई आत लोणच्याची बरणी मांडीवर घेऊन बसलेली.

"अवं, फायबरवर चुना टिकत नाही," साडू कळवळून म्हणाले.

"समुद्रापर्यंत टिकला तं झालं. चला."

चुना अमरावतीच्या आधीच गळायला लागला. रत्नागिरीला पोचेपर्यंत गाडी पुन्हा गोधडी झाली होती. ताई पाण्यात पाय सोडून संध्याकाळपर्यंत बसून राहिली. साडूंनी सवयीनं चौकोनांना हात लावून पाहिला. समुद्राच्या वाऱ्यावर सगळे रंग सारखेच थंड लागले म्हणे.

ताई जाऊन आता काही वर्षं झाली. तिच्यावाचून ते घर मला अजूनही सुनं वाटतं. गाडी अंगणात उभी असते, कुठे जात नाही. पण दर उन्हाळ्यात साडू स्वतः चुना कालवतात आणि कोणाचंही मत न विचारता तिला लावतात. पावसाळ्यात तो धुऊन जातो. यंदा मला राहवलं नाही. म्हटलं, "भाऊजी, एकदाचा पक्का रंग देऊन टाका."

"पक्का दिला तं पुढच्या उन्हाळ्यात मी काय करू?" ते म्हणाले, आणि कुंचा पुन्हा बादलीत बुडवला.