मालक आला की वाहिनी सोडायची

अंथुर्ण्यात आमच्या शेजारी तात्यांची पेरूची बाग आहे. त्यांच्या गच्चीवर माझ्या भाचीने रेडिओ संच मांडला होता. शेळगावातल्या जोडीच्या संचाला कॅमेरा लावलेला होता. त्याचं चित्र इथे लॅपटॉपवर दिसत होतं. चित्रात तिकडच्या बांधावर एक शेळी रवंथ करत होती. टीव्हीसाठी राखलेल्या, पण या भागात रिकाम्या असलेल्या वाहिनीवरून हे चित्र येत होतं. अट एकच. वाहिनीचा हक्काचा मालक बोलू लागला की संचाने ते स्वतः ओळखून तिथून निघायचं. चाचणीची परवानगी संध्याकाळी संपणार होती. जमलं नाही, तर भाचीचं काम तिथंच थांबणार होतं.

तात्यांना अट लगेच पटली.

"पाटाच्या पान्यावानीच हाय की. पाळीवाला येईस्तवर आपुन दारं धरून पानी घ्यायचं. त्यो आला की मुकाट बंद करायचं."

"अगदी तेच, तात्या," भाची म्हणाली.

मालकाची भूमिका तिच्या मैत्रिणीकडे होती. ती शिवारापलीकडे जीपमध्ये वेगळा प्रक्षेपक घेऊन बसली होती. तिचा फोन आला.

"मालक आला," भाचीने आम्हाला सांगितलं.

तात्या उठले आणि त्यांनी संचाचं बटण बंद केलं. चित्र गेलं.

"तात्या, हे काय केलंत?"

"मालक आला म्हनलीस न्हवं? दुसऱ्याच्या पाळीत आमी थेंब घेत न्हाय."

"संचानं आपणहून वाहिनी सोडायला हवी होती. आता तो सोडणार होता की नाही, कसं सांगू?"

"यंत्राला कुठली आलीय एवढी रीत?" तात्या पुटपुटले, पण ओशाळले होते.

सगळी जुळणी पुन्हा झाली. ऊन कलत होतं. तात्या दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. फोन वाजला. शेळीचं तोंड मध्येच थांबलं. लॅपटॉपच्या कोपऱ्यातला वाहिनीचा आकडा बदलला आणि शेळी पुन्हा रवंथ करू लागली.

"माझ्या वाहिनीवर तुमचं काहीच उरलं नाही," मैत्रीण फोनवर म्हणाली. "जमलं," म्हणत भाची होती तिथेच फरशीवर बसली.

तात्यांनी हात सोडवले. शेळगावच्या बाजूला बराच वेळ पाहत राहिले. मीही पाहिलं. उसावरून बगळे चालले होते. बाकी आभाळ रोजच्यासारखंच मोकळं दिसत होतं.

"कुनी हाकबी न्हाय मारली," तात्या हळू आवाजात म्हणाले, "आन् सोडलं."